रुग्ण नाकारतो

एरंडवण्यात, फरसाणवाल्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
अकरा वर्षं मी एक गाव ऐकलं.
उजव्या पायाखाली पेडल:
दाबलं की डॉक्टर बोलायचे, उचललं की गप्प.
आई पर्वती पायथ्याला असंच पाय मारत
परकर-पोलकी शिवायची. तिला वाटायचं,
मुलगी कॉम्प्युटरवर गेली, मशीन सुटलं.

गावाचं नाव हार्लो बेंड, नेब्रास्का.
वस्ती आठशे बारा. हे डॉक्टरांनीच एकदा
खोकल्याच्या साथीत वैतागून सांगितलेलं.
वेस कुठे, पार कुठे, मला ठाऊक नाही.
पण ऑर्व्हल स्टेनरूडचा उजवा गुडघा
मला नवऱ्याच्या गुडघ्यापेक्षा जास्त माहीत आहे.
धान्याच्या कोठीची शिडी, खालून चौथी पायरी.
व्हर्ना क्लॉसन, वय एकोणऐंशी,
घरच्याच कोंबड्याने चोच मारलेली,
जखम दोन सेंटिमीटर, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.
कोंबड्याचं पुढे काय झालं याची नोंद नाही.
आणि ड्वेन, शाळेची बस चालवणारा,
ज्याला कडेचं दिसेनासं झालं होतं
आणि मार्चपासून जूनपर्यंत
त्याने ते कोणाला कळू दिलं नाही.

मागे कुत्रा भुंकायचा. मालगाडी जायची,
इतकी लांब की डॉक्टर बोलायचे थांबत.
मला पुढे ढकलता आली असती ती गाडी.
पैसे ओळींवर मिळत, डब्यांवर नाही.
तरी मी ती जाऊ द्यायचे.

त्यांच्या कागदांत रुग्ण 'नाही' म्हणत नाही,
रुग्ण नाकारतो.
दारू नाकारतो. छातीत दुखणं नाकारतो.
रात्री घाम फुटणं नाकारते, वजन घटणं नाकारते.
अख्खं गाव नाकारायचं, पहाटे साडेपाचला, माझ्या कानात,
आणि खाली फरसाणवाल्याचा माणूस पहिली कढई चढवायचा.
पापडीचा वास आणि लॉईड नावाच्या कुणाचं यकृत
अजून माझ्या डोक्यात एकाच खणात आहेत.

एका जानेवारीत डॉक्टर म्हणाले,
'टायपिस्ट, तुम्ही जिथे कुठे असाल,
इथे फार बर्फ पडतोय. आज कोणी येणार नाही. पूर्णविराम.'
मी ते टाइप केलं, पूर्णविरामासकट.
तपासणीच्या वैजयंती खळदकरांनी ओळ उडवली,
माझी अचूकता अठ्ठ्याण्णवावर आणली.
ऐकलेलंच लिहायचं, म्हणाल्या, पण सगळं नाही.

मग त्यांचे शब्द हरवू लागले.
'तो... पायाचा तो...' आणि नुसता श्वास.
तिथे रिकामी जागा सोडायचा नियम होता.
मी भरायचे: गुडघा. घोटा. एकदा तर औषधसुद्धा.
पुढे एकदा ते म्हणाले, स्टेनरूड, डावा गुडघा.
पेडल मागे. पुन्हा: डावा.
उजवा, डॉक्टर, मी मोठ्याने म्हणाले.
शेजारच्या पोरीने हेडफोन काढून बघितलं.
मी 'उजवा' लिहिलं, खाली त्यांची आद्याक्षरं,
तिरक्या रेघेनंतर माझी, लहान लिपीत,
आणि पाठवून दिलं.
कोणाला सांगायला हवं होतं का?
ड्वेनही रोज सकाळी बस काढतच होता,
मागे पोरं बसलेली.

जुलैत फाइली बंद झाल्या. का, ते कोणी विचारलं नाही.
आम्हाला टेक्ससचं एक मोठं हॉस्पिटल मिळालं,
आवाज सतरा, मागे कुत्रा नाही.

परवा वारज्याच्या दवाखान्यात मला विचारलं,
झोप लागते ना नीट?
लागते की, म्हटलं.
डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खरडलं.
मी वाकून बघितलं,
अक्षर लागत नव्हतं.